गोदामावशीचा ओटा

परवा आमच्या स्वयंपाकघराचं माप घ्यायला एक तरुण आला होता. भिंतीवर लाल ठिपका पाडणारं यंत्र हातात, मोबाईलमध्ये गुळगुळीत स्वयंपाकघरांचे फोटो. सगळीकडे ठिपके पाडून झाल्यावर तो म्हणाला, "काका, वीस दिवसांत सगळं हातात देतो." मी हसलो. त्याला वाटलं, मी खूश झालो.

माझी बायको सुमन आतून म्हणाली, "त्यांना दिवस सांगू नका हो. ते नियोजन खात्यात होते."

या एका वाक्यात माझ्या नोकरीचा आणि संसाराचा गोषवारा येतो. तो तरुण पुढे सरकला आणि ओट्याच्या बाजूला भिंतीत जे एक बिनदाराचं फडताळ आहे, त्याच्यापुढे थांबला. फडताळाची चौकट वाकडी, एक कड फुटलेली. "हे कुणी केलंय?" त्यानं विचारलं. "मी," म्हणालो. तो सभ्य घरातला असावा, कारण पुढे काही बोलला नाही. "हे बुजवून टाकू," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "ते राहू दे." "का?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर गोदामावशी सांगावी लागली असती, आणि त्याला दुसऱ्या साइटवर जायचं होतं.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी उस्मानाबादहून बदलून इथे आलो. भाड्याच्या खोल्यांत ऑफिस, माणसांपेक्षा खुर्च्या कमी, पण उत्साह असा की प्रत्येकाला वाटायचं जिल्हा आपणच काढलाय. माझं काम तक्ते करण्याचं. कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, हे मी रंगीत पेन्सिलींनी कागदावर आखत असे. रेणापूरचे रस्ते, चाकूरच्या शाळाखोल्या, सगळ्यांना मी तारखा दिल्या होत्या. त्यातलं वेळेवर काय झालं हे विचारू नका. तक्ते मात्र कायम वेळेवर तयार असायचे.

त्याच सुमारास आम्ही जुन्या भागात एक लहानसं घर घेतलं. स्वयंपाकघरात जमिनीवर चूल, कोपऱ्यात मोरी आणि खिडकी म्हणावी तर एक भोक. गॅसचा नंबर लागला आणि सुमन म्हणाली, "मला उभ्यानं स्वयंपाक करायचाय." मागणी रास्त होती. मी लगेच तक्ता केला. दसऱ्याला सुरुवात, दिवाळीचा फराळ नव्या ओट्यावर. तोडफोड पिवळ्या रंगात, बांधकाम निळ्या, गिलावा हिरव्या. तो तक्ता मी स्वयंपाकघरात भिंतीवर ठोकला. काम सुरू झाल्यावर लक्षात आलं की पहिल्यांदा तीच भिंत फोडायची होती.

मधल्या दिवसांत अंगणात चूल मांडून रांधणारं कुणीतरी हवं होतं, कारण सुमन शाळेत शिकवायची. तेव्हा मला गोदामावशी आठवली. माझ्या आईची धाकटी बहीण. रेणापूरजवळच्या आमच्या आजोळात जन्मली, नांदेडला दिली, लवकर विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. दिराच्या घरात राहायची. दीर भला, जाऊ भली, कुणी कधी उणा शब्द बोललं नाही. मी निरोप धाडला, "पंधरा दिवसांसाठी ये."

ती एसटीनं आली. हातात पत्र्याची ट्रंक आणि गोधडीत गुंडाळलेली एक पितळी परात.

"परात कशाला आणलीस मावशी? आमच्याकडे आहेत की."

"तुमच्या हायतच. ही माझी हाय. तिकडं माळ्यावर पडून होती बिचारी."

मी त्यातून काही अर्थ काढला नाही. मी त्या काळात फक्त तारखांतून अर्थ काढत असे.

मावशी बुटकी, रुंद, पायात भक्कम. कपाळावर गोंदण, आणि सकाळचा एक तास तोंडात मिशेरीचं बोट, त्यामुळे त्या वेळात ती सगळे हुकूम डोळ्यांनी सोडायची. भांड्यांशी बोलायची. तवा तापला नाही की त्याला "उठ की रं आळशा" म्हणायची, आणि दूध वर येऊ लागलं की "थांब बाई, आले" म्हणत धावायची. माप सगळं वितीनं. मिस्त्रीचा टेप तिला पटायचा नाही. "पट्टी काय भाकर थापती का?" हा तिचा सवाल. तिच्या आणखी दोन सवयी होत्या, ज्या मी पाहिल्या आणि सोडून दिल्या. एक म्हणजे, आमच्या घराला ती कायम "तुमचं घर" म्हणायची. दुसरी म्हणजे, ट्रंकेतून लुगडं काढलं की ट्रंकेला पुन्हा कुलूप लावायची. मला वाटलं, म्हातारीला चोरांची भीती.

आणि काहीही अडलं, मोडलं, लांबलं की एकच वाक्य. "घाई काय हाय? चूल का पळून चालली?"

काम रज्जाक मिस्त्रीनं घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मावशीनं त्याला बजावलं की आमच्या घराण्यात रीत आहे, नवी चूल बांधणाऱ्यानं ती पेटेपर्यंत जुन्या चुलीवरचं जेवायचं. ही रीत मी माझ्या आईच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. पण रोज दुपारी रज्जाक मिस्त्री अंगणात बसून ज्वारीची गरम भाकरी, पिठलं आणि ठेचा खाऊ लागला. खाऊन झालं की लिंबाखाली थोडा आडवा व्हायचा. त्याची ती झोप माझ्या तक्त्यात नव्हती.

ओटा पहिल्यांदा उभा राहिला तो दिवाळीनंतर. मावशी त्याच्यासमोर गेली, पदर खोचला आणि नसलेल्या परातीत नसलेली भाकरी थापू लागली. आम्ही सगळे बघत होतो. दोन्ही कोपर हवेत.

"उंच झाला," ती म्हणाली.

ओटा फोडला. पुन्हा बांधला. आता सुमन पुढे झाली आणि कमरेत वाकून म्हणाली, "अहो, मला लोटांगण घालावं लागेल." पुन्हा फोडला. तिसऱ्यांदा दोघींच्या मधला कुठला तरी आकडा निघाला, जो दोघींनाही सोयीचा नव्हता आणि म्हणून दोघींनी मान्य केला. मी ऑफिसात सांगितलं, डिझाईनमध्ये बदल झाला. आमच्याकडे तो शब्द रोजचाच होता.

त्यातच दुष्काळ. पाऊस दडी मारून बसला तो बसलाच. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक, टँकर आला की गल्लीभर घागरी आडव्या. आता नव्या गिलाव्याला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर तो तडकतो. मिस्त्रीनं पाणी मागितलं आणि मावशी घागरीपुढे उभी राहिली.

"भिताडाला पाजू का लेकराला पाजू?"

लेकरू म्हणजे आमची शाळेत जाणारी मुलगी. गिलावा थांबला. मावशी भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी बाजूला काढून ठेवायची आणि संध्याकाळी एका लहान कोपऱ्याला प्रेमानं शिंपडायची. तेवढाच कोपरा पक्का झाला. या गतीनं सगळी भिंत व्हायला किती काळ लागेल याचा हिशेब मी केला आणि तो कागद फाडून टाकला.

मग एके दिवशी मिस्त्रीच येईनासा झाला. मी सायकल काढून शोधत निघालो. तो गावाबाहेर सरकारी क्वार्टरांच्या बांधकामावर सापडला. नव्या जिल्ह्याला साहेब आले होते, साहेबांना घरं नव्हती.

"साब, उपरसे आर्डर है," तो म्हणाला. "सब मिस्त्री इधर लगाओ बोले."

मी तावातावानं तिथल्या मुकादमाकडे गेलो. त्यानं एक कागद पुढे केला. क्वार्टरांच्या कामाचा तक्ता. पिवळा, निळा, हिरवा. खाली लाल पेन्सिलीनं शेरा, "मजूर तातडीने वाढवावेत." अक्षर फार ओळखीचं होतं. साहेबांनी त्या तक्त्याबद्दल माझं कौतुकही केलं होतं. जिल्ह्यातल्या इतक्या कामांना तारखा दिल्या, त्यातली हीच एक कुणीतरी मनावर घेतली होती.

घरी येऊन सांगितलं तर मावशी हसून हसून बेजार. डोळे पुसत म्हणाली, "तूच पळवलास व्हय तुझा मिस्त्री! लई हुशार निघालास रं मधू. बस, च्या घे. घाई काय हाय?"

येळवस आली. त्या अमावास्येला लातूरकडे गावंच्या गावं रानात जाऊन जेवतात. गावात माणूस उरत नाही, मग मिस्त्री कुठला? आमच्याकडे शेत नव्हतं. मावशीला मात्र माहेरची येळवस कित्येक वर्षांनी मिळत होती, कारण नांदेडला गेल्यावर तिची ती सुटली होती. तिनं अंगणातल्या चुलीवर भाज्या-शेंगा मिळतील तेवढ्या घालून भज्जी केली, बाजरीच्या पिठाचे उंडे वळून वाफवले, मडक्यात ताकाची आंबील केली, आणि मला घोंगडं आणून दिलं. घरच्या पुरुषानं घोंगडं पांघरून, तोंडानं गजर करत पिकाभोवती आंबील शिंपडत फिरायचं असतं.

"पीक कुठंय मावशी?"

तिनं अंगणातल्या वाळूच्या ढिगाकडे बोट केलं. "ह्येच यंदाचं पीक. फिर."

मी फिरलो. डोक्यावरून घोंगडं, हातात आंबिलीचा तांब्या, वाळू आणि विटांना प्रदक्षिणा, तोंडानं गजर. नेमका त्याच वेळी ऑफिसचा शिपाई सहीसाठी तातडीची फाईल घेऊन दारात उभा राहिला. त्यानं सही घेतली, भज्जी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशीपासून ऑफिसात मला विचारू लागले, "काय, यंदा ओट्याला उतारा कसा आहे?" मावशी त्या दिवशी इतकी आनंदात होती की मला राग येईना. जेवताना ती म्हणाली, "पोटभर येळवस झाली बघ." आणि लगेच उठून भांडी घासायला गेली. सगळ्यांची जेवणं झाल्यावरच, उरलेलं घेऊन, ती कोपऱ्यात बसायची. ही तिसरी सवय. मी तीही सोडून दिली होती.

उन्हाळ्याच्या तोंडाला क्वार्टरांचं काम पैशाअभावी थांबलं आणि रज्जाक मिस्त्री परत आला. आता मात्र मला वाटलं, संपलं. शहाबादी फरशी बसली. ओटा चकचकीत दिसू लागला. पण रोज सकाळी मावशीला काहीतरी सापडायचं. कधी फरशीचा कोपरा हलायचा. कधी मोरीचा उतार उलटा निघायचा. कधी गॅस संपला तर काय म्हणून ओट्याच्या शेजारी लहानशी चूल आणि तिला धुराडं हवं व्हायचं. मिस्त्री मान डोलवायचा, जेवायचा, आडवा व्हायचा. शेवटी मी रजा काढली. इतक्या लोकांच्या कामांना शिस्त लावणारा मी, माझ्या घरात एक ओटा संपत नाही म्हणजे काय? मी मिस्त्रीच्या डोक्यावर बसून काम उरकून घेतलं. अक्षयतृतीयेला नव्या ओट्यावर दूध उतू घालायचं ठरवलं. आणि नांदेडला निरोप धाडला की काम झालं, मावशीला न्यायला कुणीतरी या. मला वाटलं, बिचारी आमच्यापायी किती दिवस अडकली, आपल्या घरची ओढ असेलच की तिला. हा निरोप धाडल्याचं मी जेवताना अभिमानानं सांगितलं.

मावशी या खेपेला "घाई काय हाय" असंही म्हणाली नाही. जेवणं झाल्यावर तिनं परात घासली, पुसली आणि गोधडीत गुंडाळून ट्रंकेजवळ ठेवली.

मावशी झोपायला गेल्यावर सुमन माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "तुम्ही नियोजन खात्यात नक्की काय करता हो?"

"म्हणजे?"

"नांदेडला त्यांची चूल नाही. चूल जाऊबाईंची. मावशी तिथे सून म्हणून गेल्या, आणि आता पाहुण्या म्हणून आहेत. कुणी छळत नाही, पण कुणी 'आज काय करायचं' असंही विचारत नाही. आयतं ताट पुढे येतं. तुमच्या निरोपानं त्यांना पहिल्यांदा काम मिळालं. ते संपलं की जायचं, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून धरलंय. म्हणून फरशीचा तो कोपरा हलत होता."

"तुला कधी कळलं?"

"परात बघितली तेव्हाच."

मी सकाळी रज्जाक मिस्त्रीला गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला, "साब, अम्मा बोली हल्लू करो. मैं क्या करूं? रोटी खाया उनकी."

म्हणजे माझ्या कामाला उशीर का होतोय, हे माझ्या बायकोला माहीत होतं, मिस्त्रीला माहीत होतं, आणि बहुधा शिपायालाही असणार. तक्ता करणाऱ्याला तेवढं माहीत नव्हतं. दुष्काळ, सिमेंट, क्वार्टर, येळवस, सगळी कारणं मी रंग देऊन लिहिली होती. एका बाईला जायचं नव्हतं, हे कारण टाकायला तक्त्यात रकानाच नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, आणि तिच्याविषयी इतकी माया दाटून आली की काही सुचेना.

मी सरळ तिच्यापुढे जाऊन बसलो. "मावशी, इथंच राहा. कायमची."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "कशापायी? काम झालं, मानसानं जावं. बसून खायाला मला तिकडं घर हाय."

फुकटचं तिला कुणाचंच नको होतं, माझं तर नकोच.

अक्षयतृतीयेला तिच्या दिराचा मुलगा विठ्ठल सकाळच्या गाडीनं आला. चांगला पोरगा, काकूसाठी टोपलीभर द्राक्षंही घेऊन आलेला. मावशी नेसून तयार होती. ट्रंक दारात, तिच्यावर परात. दुष्काळात दूध मिळणं मुश्कील, म्हणून कपभरच दूध लहान पातेल्यात ठेवलं. सुमननं गॅस पेटवला. मावशी ओट्यापाशी उभी राहून दुधाकडे बघत होती, आणि आम्ही मावशीकडे. दूध वर आलं. रोज "थांब बाई, आले" म्हणणारी ती, आज हाताची घडी घालून गप्प उभी राहिली. दूध उतू गेलं, नव्या फरशीवरून ओघळलं.

"झालं," मावशी म्हणाली. "चल विठ्ठला. गाडी चुकंल."

"झालं कुठं?" मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. खरं तर पुढे काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी नियोजनाशिवाय उभा होतो. मिस्त्रीचा हातोडा आणि छिन्नी खिडकीत पडली होती. मी ती उचलली, ओट्याच्या बाजूच्या भिंतीला लावली आणि हाणला दणका. हिरव्या रंगातला माझा लाडका गिलावा खाली आला. दुसऱ्या दणक्याला छिन्नी घसरली आणि पलीकडच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ती आमच्या लग्नाची तसबीर होती, हे नंतर कळलं. तिसरा दणका अंगठ्यावर बसला.

"अहो दादा!" विठ्ठल ओरडला. "काय करायलाव?"

"फडताळ," मी अंगठा तोंडात धरून म्हणालो. "फडताळ राहिलंय. फडताळाशिवाय स्वयंपाकघर असतं का? घरी सांग, काम चालू आहे. आता कुठं जायला मिळतंय तिला."

रज्जाक मिस्त्री दारात उभा होता. तो गंभीरपणे पुढे आला, भोकाकडे बघितलं आणि म्हणाला, "बहुत काम है साब. बहुत टैम लगेगा."

मावशी माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं, आणि मला ते कळलंय हेही तिला कळलं होतं. मग ती वाकली, पदरानं ओट्यावरचं दूध पुसू लागली आणि विठ्ठलला पाठमोरीच म्हणाली, "तू जेवून जा रं. ह्या मानसाला एक काम धड येत न्हाई. मला थांबाया लागंल."

फडताळाचं भोक मिस्त्रीनं यथावकाश चौकोनी केलं. जिथं माझे दणके होते ती कड मात्र मावशीनं त्याला तशीच ठेवायला लावली. तिनं परात त्यात उभी केली. दुसऱ्या दिवशी ट्रंकेचं कुलूप उघडं दिसलं आणि तिची लुगडी सुमनच्या साड्यांशेजारी. दार लावायचं ठरलं होतं, पण दारासाठी सुतार हवा, सुतारासाठी लाकूड, आणि तिला शिसवीच हवं. ते आणायला मी दर वर्षी जाणार होतो. नांदेडहून दर दिवाळीला कुणीतरी यायचं, फडताळाकडे बघायचं, "अजून दार न्हाई व्हय?" म्हणायचं, जेवायचं आणि परत जायचं. त्यांनाही कधीतरी उमजलं असावं. भली माणसं होती.

मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली. मावशीनं तिलाही त्याच ओट्यावर भाकरी शिकवली. वय वाढलं तशी मावशी स्टुलावर बसून थापू लागली, म्हणजे इतकं भांडून ठरवलेली ओट्याची उंची शेवटी स्टुलावरच ठरली. ऑफिसातली माझी खुर्ची तेवढी बदलत राहिली, आणि एके वर्षी, ऑर्डर काढणाऱ्याला विनोदबुद्धी असावी, माझी बदली नांदेडला झाली.

निघालो त्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. पाय सुजलेले होते. तिला मी असं उभं पुन्हा कधी पाहणार नव्हतो, पण ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं, नाहीतर गाडी सोडली असती.

"ह्या जाऊबाईला दे," ती म्हणाली. "माझ्या हातच्या हायत म्हण."

"देतो."

"आन तिनं इचारलं, तर..." तिनं मागे वळून त्या वाकड्या फडताळाकडे पाहिलं. आत परात चकाकत होती. "आमच्या घरी अजून काम चालू हाय म्हणावं."